इथिओपिक लिपीतील पहिले अक्षर ‘ह’ (यू+१२००) आणि त्याचे संगणकीय संकेतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथिओपिया आणि एरिट्रिया या देशांत वापरल्या जाणाऱ्या लिपीविषयी मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सगळी चर्चा मुद्दाम एकाच अक्षराभोवती ठेवली आहे, कारण त्या एका अक्षराचे संकेतन नीट समजले की लिपीतील बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. अनेक फोन आणि संगणकांवर इथिओपिक फॉन्ट नसल्यामुळे या पानावर मूळ अक्षरे न छापता त्यांचे देवनागरी उच्चार आणि युनिकोड संकेतांक दिले आहेत. संकेतांक षोडशमान पद्धतीचे आहेत. त्यांत येणारी ए ते एफ ही अक्षरे दहा ते पंधरा या किमती दर्शवतात.

१. हे अक्षर नेमके कोणते आणि ते कोणत्या भाषांत वापरले जाते?

इथिओपिक लिपीच्या अक्षरतक्त्यातील अगदी पहिल्या घरात बसणारे हे अक्षर आहे. त्याचा आकार वरून उघड्या असलेल्या वाटीसारखा असतो आणि उच्चार ढोबळमानाने ‘ह’ असा होतो. चर्चच्या उपासनेत टिकून राहिलेली प्राचीन गीझ भाषा, तसेच अम्हारिक, तिग्रिन्या, तिग्रे, बिलेन आणि गुरागे गटातील भाषा याच लिपीत लिहिल्या जातात. लिपीला तेथील लोक ‘फिदेल’ म्हणतात. अरबी आणि हिब्रू या नात्यातल्या भाषा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जात असल्या, तरी फिदेल डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. तिच्यात रोमन लिपीसारखी लहान-मोठी अक्षरे नाहीत.

२. ‘यू+१२००’ म्हणजे काय?

युनिकोड या जागतिक प्रमाणकाने प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला आहे. या ‘ह’चा क्रमांक षोडशमान पद्धतीत १२०० आणि आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ४६०८ असा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ३.० आवृत्तीत इथिओपिकची ३४५ अक्षरे व चिन्हे प्रथम समाविष्ट झाली आणि त्यांच्या विभागाची सुरुवातच या अक्षराने झाली. पुढे २००५, २०१० आणि २०२१ मध्ये भर पडत गेली. आता पाच विभागांत मिळून एकूण ५२३ अक्षरे व चिन्हे आहेत.

एकदा दिलेला क्रमांक काढून घेतला जात नाही किंवा बदलला जात नाही. हा क्रमांक अक्षराच्या ओळखीचा असतो, हे मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. अक्षराचा उच्चार भाषेनुसार वेगळा होऊ शकतो आणि आकार फॉन्टनुसार बदलू शकतो, पण ओळख तीच राहते. पुढील बहुतेक प्रश्न ही ओळख उच्चाराशी गल्लत करून पाहिल्यामुळे निर्माण होतात.

३. हेच अक्षर पहिले का? मराठीप्रमाणे ‘अ’पासून सुरुवात का होत नाही?

इथिओपिक लिपी प्राचीन दक्षिण अरबी लिपीपासून निघाली आणि त्या लिपीचा वर्णक्रमही ‘ह, ल, ह, म’ असाच सुरू होत होता. (यातील दुसरा ‘ह’ वेगळा आहे; प्रश्न ११ पाहा.) जुन्या लेखांत केवळ व्यंजने लिहिली जात. स्वर दाखवणारे फेरफार इसवी सनाच्या चौथ्या शतकात, अक्सुम राज्यात राजा एझाना याच्या काळाच्या आसपास रूढ झाले. युनिकोडने परंपरागत ‘ह-ल’ क्रम जसाच्या तसा स्वीकारला, म्हणून ‘ह’ला पहिला क्रमांक मिळाला.

लिपीचा आणखी एक क्रम आहे. तो ‘अ, बु, गि, दा’ असा सुरू होतो, त्यात स्वर एकेक पायरी पुढे सरकतात आणि पाचव्या जागी ‘हे’ येतो. भाषाशास्त्रज्ञ पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये याच चार अक्षरांवरून ‘अबुगिडा’ ही संज्ञा रूढ केली. व्यंजनात अंगभूत स्वर असलेल्या लिपींसाठी ती आज वापरली जाते आणि आपल्या देवनागरीचे वर्गीकरणही याच नावाखाली केले जाते.

४. देवनागरीत ‘ह’ आणि काना यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. इथिओपिकमध्ये व्यंजन आणि मात्रा अशी विभागणी का केली नाही?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून सर्वाधिक येतो आणि तो रास्तही आहे. देवनागरीत ‘हा’ लिहिताना आपण यू+०९३९ (ह) आणि यू+०९३ई (काना) असे दोन संकेतांक साठवतो. इथिओपिकमध्ये ‘हा’ हे यू+१२०३ असे एकच अक्षर आहे. ‘हु’, ‘हि’, ‘हे’, ‘हो’ यांनाही स्वतःचे स्वतंत्र क्रमांक आहेत.

पहिले कारण आकारात आहे. इथिओपिकमध्ये स्वर दाखवण्यासाठी व्यंजनाच्या अंगातच बदल केला जातो. ‘ल’चे कुळ घेतले तर दुसऱ्या रूपात उजव्या पायाच्या मध्यावर एक छोटी रेघ येते, तिसऱ्यात ती रेघ पायाच्या टोकाशी उतरते, चौथ्यात उजवा पाय लांब राहतो व डावा आखूड होतो, आणि पाचव्यात उजव्या पायाशी एक कडी येते. येथपर्यंत काहीशी शिस्त दिसते. पण सहाव्या आणि सातव्या रूपांत जवळजवळ प्रत्येक व्यंजन आपला वेगळा मार्ग धरते. काना किंवा वेलांटीसारखे सुटे काढता येईल असे चिन्ह तेथे उरतच नाही.

दुसरे कारण लिपी शिकण्याच्या पद्धतीत आहे. तेथील मुले व्यंजनांच्या ओळी आणि स्वरांचे स्तंभ असलेला संपूर्ण तक्ता पाठ करतात. त्यांच्या दृष्टीने तक्त्यातील प्रत्येक घर हे एक पूर्ण अक्षर असते. युनिकोडपूर्वीच्या इथिओपिक सॉफ्टवेअरमध्येही प्रामुख्याने हीच कल्पना होती. प्रमाणकाने वापरणाऱ्यांची धारणा मान्य केली, हे मला योग्य वाटते.

या निर्णयाचे काही फायदे उघड आहेत. फॉन्टला अक्षरे जोडण्याची किंवा मात्रा पुढे-मागे सरकवण्याची गरज पडत नाही. मराठीत पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि त्याच्या आधी दिसते. त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी इथिओपिकमध्ये संभवतच नाहीत. कर्सर एका कळीसरशी एकच अक्षर ओलांडतो. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. फॉन्टमध्ये शेकडो आकार काढावे लागतात. शिवाय अम्हारिक आणि तिग्रिन्या यांसारख्या भाषांत शब्द व्यंजनांच्या धातूंपासून घडत असल्याने अभ्यासकांना मूळ व्यंजने हवी असतात आणि ती संकेतांकात थेट दिसत नाहीत. त्यावरचा मार्ग पुढच्या उत्तरात दिला आहे.

५. मग ‘ह’च्या सर्व रूपांचे संकेतांक पाठ करावे लागतात का?

नाही. प्रत्येक व्यंजनाला ओळीने आठ घरे दिलेली आहेत. यू+१२०० हे पहिले रूप, १२०१ ‘हु’, १२०२ ‘हि’, १२०३ ‘हा’, १२०४ ‘हे’, १२०५ केवळ ‘ह्’ किंवा अगदी आखूड स्वरासह ‘ह’, आणि १२०६ ‘हो’. पुढची ओळ यू+१२०८ पासून ‘ल’ची आहे. त्यामुळे एखाद्या संकेतांकाला आठने भागल्यावर उरणारी बाकी स्वराचा स्तंभ सांगते आणि बाकी वजा केली की व्यंजनाचे पहिले रूप मिळते. धातू शोधणाऱ्या प्रोग्रामांसाठी ही युक्ती फार उपयोगी आहे.

तिला अपवाद आहेत आणि ते विसरल्यास चुकीची उत्तरे मिळतात. ‘क्व’, ‘ग्व’ अशा ओष्ठ्य छटेच्या ओळींत काही घरे रिकामी आहेत. यू+१३५८ ते १३५ए या तीन क्रमांकांवर तीन वेगवेगळ्या व्यंजनांची अक्षरे शेजारी बसली आहेत. नंतर भर पडलेल्या विभागांतही सर्वत्र ही शिस्त पाळलेली नाही. आठव्या घराचा मुद्दा तर स्वतंत्रपणेच पाहावा लागतो.

६. स्वररूपे सातच आहेत, तर आठव्या घरात काय असते?

बहुतेक ओळींत आठव्या घरात ‘ल्वा’, ‘म्वा’ अशी ओष्ठ्य छटेची रूपे आहेत. आपल्या ‘ह’च्या ओळीतील आठवे घर, म्हणजे यू+१२०७, १९९९ मध्ये रिकामे ठेवले होते. २००५ च्या ४.१ आवृत्तीत मूळ विभागात ११ नव्या नोंदी झाल्या, तेव्हा ते भरले गेले. त्या अक्षराचे अधिकृत नाव ‘होआ’ असे आहे. ते ‘ह्वा’ नाही. हा फरक क्षुल्लक वाटला तरी शोधयंत्रणा लिहिताना तो महत्त्वाचा ठरतो (प्रश्न १२ पाहा).

७. यू+१२०० चा उच्चार ‘ह’ करायचा की ‘हा’? नावांच्या याद्यांत गोंधळ दिसतो.

गोंधळ खरा आहे आणि तो तीन ठिकाणांहून येतो. युनिकोडच्या इंग्रजी नावांत पहिल्या रूपाला ‘एच-ए’ आणि चौथ्या रूपाला ‘एच-ए-ए’ असे लिहिले आहे. रोमन कळफलकावरून इथिओपिक लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत मात्र पहिले रूप ‘एच-ई’ या कळांनी आणि चौथे रूप ‘एच-ए’ या कळांनी मिळते. तिसरी गोष्ट उच्चाराची. अम्हारिकमध्ये पहिल्या स्तंभाचा सर्वसाधारण स्वर आपल्या ‘अ’ आणि ‘ए’ यांच्या मधला आहे. पण ‘ह’च्या कुळात तो स्वर बदलून पहिले आणि चौथे ही दोन्ही रूपे ‘हा’ अशीच उच्चारली जातात.

म्हणून युनिकोडच्या नावावरून उच्चार ठरवू नये आणि कळफलकाच्या कळांवरून संकेतांक ठरवू नये. प्रोग्राम लिहिणाऱ्याने नाव वाचून ‘एच-ए’ची सांगड चौथ्या स्तंभाशी घातली, तर संपूर्ण मजकुरातील पहिली व चौथी रूपे एकमेकांच्या जागी जातात. युनिकोडमधील नावेही कायमची असल्यामुळे ती पुढे सुधारली जातील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

८. हे अक्षर टाइप कसे करायचे?

नियमित लिहायचे असल्यास अम्हारिक किंवा तिग्रिन्याचा उच्चारानुसारी कळफलक घ्यावा. अँड्रॉइडवरील जीबोर्डमध्ये अम्हारिक उपलब्ध आहे आणि संगणकासाठी कीमॅन वापरता येते. उच्चारानुसारी कळफलकावर ‘एच’ दाबल्यावर प्रथम सहावे रूप (यू+१२०५) उमटते आणि त्यानंतर ‘ई’ दाबल्यावर त्याच्या जागी यू+१२०० येते. ‘यू’, ‘आय’, ‘ए’, ‘ओ’ या कळांनी त्याच रीतीने इतर रूपे मिळतात.

एकदाच हवे असल्यास मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये रोमन अंकांत १२०० लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. देवनागरी अंक लिहिल्यास ही सोय चालत नाही.

९. फाइलमध्ये हे अक्षर किती जागा घेते? एसएमएस मराठीसारखाच महाग पडतो का?

यूटीएफ-८ या, संकेतांक बाइटांच्या रूपात साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत यू+१२०० तीन बाइट घेते : ई१, ८८ आणि ८०. देवनागरी ‘ह’सुद्धा तीनच बाइट घेतो, पण ‘हा’ लिहिताना मराठीत दोन संकेतांक म्हणजे सहा बाइट लागतात, तर इथिओपिक ‘हा’ तीन बाइटांतच मावतो.

एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नाही, तशी इथिओपिकही नाही. त्यामुळे एका संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर येते. मराठीत प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलंत या ७० मध्ये मोजला जातो. इथिओपिकमध्ये स्वरासह पूर्ण अक्षर एकच मोजले जाते आणि म्हणून त्याच ७० मध्ये अधिक मजकूर बसतो.

१०. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. कधी विचित्र रोमन चिन्हे दिसतात. दोन्हींवर उपाय एकच आहे का?

नाही. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत.

रिकामा चौकोन दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे आणि केवळ फॉन्ट नाही. नोटो सॅन्स इथिओपिक, नोटो सेरिफ इथिओपिक किंवा ॲबिसिनिका एसआयएल यांपैकी कोणताही मोफत फॉन्ट बसवला की अक्षर दिसू लागते. विंडोजमध्ये न्याला हा फॉन्ट २००७ च्या व्हिस्टापासून आला आणि ॲपलच्या संगणकांवर केफा असतो.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’, त्यापुढे टोपीसारखे चिन्ह आणि मग युरोचे चिन्ह अशी तिकडी दिसली, तर तो यू+१२०० च आहे असे समजावे. त्याचे तीन यूटीएफ-८ बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतप्रणालीने एकेक करून वाचले गेले आहेत. अशा अवस्थेत फाइल कधीही जतन करू नये. यूटीएफ-८ निवडून ती पुन्हा उघडावी. चुकीच्या रूपात जतन झालेल्या फाइली पूर्ववत करणे बहुधा शक्य असते, पण काही बाइट मधल्या प्रक्रियेत गळले असतील तर ती अक्षरे परत मिळत नाहीत.

तिसरा प्रकार जुन्या फाइलींचा. युनिकोडपूर्वी एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा मिळत. अम्हारिकच्या तक्त्यातील ३३ ओळी आणि ७ स्तंभ यांचीच २३१ घरे होतात. त्यांवर ओष्ठ्य रूपे, अंक आणि विरामचिन्हे येतात. म्हणून अक्षरे दोन-तीन फॉन्टांत वाटली जात किंवा तुकड्यांनी जुळवली जात. अशा फाइलीत ‘ह’ प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर म्हणूनच साठवलेला असतो. मूळ फॉन्ट कोणता होता हे कळल्याशिवाय तिचे रूपांतर करता येत नाही. मराठीतील जुन्या डीटीपी फाइली युनिकोडमध्ये आणणाऱ्यांना ही अडचण परिचयाची आहे.

११. ‘ह’ उच्चाराची अनेक अक्षरे आहेत असे ऐकले. युनिकोडने त्यांना एकच संकेतांक का दिला नाही?

अम्हारिकमध्ये ‘ह’चा उच्चार देणारी चार कुळे आहेत : यू+१२००, यू+१२१०, यू+१२८० आणि यू+१२बी८ यांपासून सुरू होणारी. गीझमध्ये पहिल्या तिघांचे उच्चार निरनिराळे होते. अम्हारिकमध्ये ते भेद लोपले, पण लेखनात अक्षरे उरली. शाळेत ती ओळखण्यासाठी प्रत्येकाला नाव आहे. यू+१२०० हा ‘हालेताव ह’, म्हणजे हालेलुयातला ह. यू+१२१० हा ‘हमेरु ह’, म्हणजे नौका या अर्थाच्या शब्दातला ह. आणि यू+१२८० हा ‘बिझुहानू ह’, म्हणजे ‘पुष्कळ’ या अर्थाच्या शब्दातला ह. आपण ‘पोटफोड्या ष’ म्हणतो, त्यामागची गरज नेमकी हीच आहे. बहुतेक मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी श आणि ष एकच झाले आहेत. तरीही ‘भाषा’ हा शब्द ‘भाशा’ असा साठवावा, असे कोणी म्हणणार नाही.

कुळे एकत्र न करण्याची तीन ठोस कारणे आहेत. लिपी एका भाषेची नाही : तिग्रिन्यामध्ये यू+१२१० चा घशातून येणारा ‘ह’ आजही यू+१२०० पेक्षा वेगळा बोलला जातो आणि यू+१२बी८ चा उच्चार ‘ख’च्या जवळचा घर्षक असतो. गीझ ग्रंथांचे लेखन आणि शब्दांची व्युत्पत्ती या अक्षरांवर अवलंबून आहे. शिवाय माणसांची नावे आहेत. सम्राट हाइले सेलासी यांच्या नावाचे परंपरागत लेखन ‘बिझुहानू’ कुळातील चौथ्या रूपाने (यू+१२८३) सुरू होते. ते यू+१२०३ ने लिहिले तर वाचणाऱ्याला कळते, पण त्या लेखनाचा गीझशी असलेला दुवा तुटतो. लिहिणाऱ्याने जे अक्षर निवडले तेच साठवले गेले पाहिजे. कोणाच्या नावातले अक्षर बदलण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला नाही, असे माझे ठाम मत आहे.

१२. मग शोध कसा घ्यायचा? एका लेखनाने शोधल्यावर दुसरे लेखन सापडत नाही.

साठवलेला मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठी वेगळी, सरलीकृत सूची तयार करावी. अडचण किती मोठी आहे हे ‘सूर्य’ या अर्थाच्या ‘त्सेहाय’ या अम्हारिक शब्दावरून दिसते. ‘त्से’साठी दोन अक्षरे उपलब्ध आहेत आणि ‘हा’साठी पहिल्या तीन कुळांची पहिली व चौथी अशी सहा रूपे; म्हणजे एकाच शब्दाची बारा लेखने संभवतात. त्यांपैकी अनेक छापील मजकुरात खरोखर आढळतात.

अम्हारिकच्या शोधसूचीत १२१० आणि १२८० या ओळींची पहिली सात रूपे १२०० च्या ओळीत आणावीत. त्यानंतर यू+१२०३ आणि यू+१२०० ही एकच मानावीत. ‘स’ची दोन कुळे (१२२० व १२३०), ‘त्स’ची दोन (१३३८ व १३४०) आणि ‘अ’ची दोन (१२ए० व १२डी०) यांनाही हाच न्याय लावावा, ‘अ’च्या कुळांत पहिले व चौथे रूपही एक मानावे. पूर्णविरामाच्या चार टिंबांऐवजी अनेकजण शब्दविभाजकाची दोन टिंबे दोनदा टाइप करतात, तेही येथेच दुरुस्त करता येते.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. यू+१२बी८ च्या कुळात पहिल्या रूपाचा स्वर अम्हारिकमध्येही वेगळा राहिला आहे, म्हणून त्या कुळाचे चौथे रूप (यू+१२बीबी) ‘हा’मध्ये मिळवावे, पण पहिले मिळवू नये. दुसरा सापळा आठव्या घराचा आहे. यू+१२१७ हे ‘ह्वा’ आहे. त्यातून यांत्रिकपणे १६ वजा केल्यास यू+१२०७ म्हणजे ‘होआ’ मिळते आणि चुकीची जोडी लागते. ‘ह्वा’ची खरी जोडी यू+१२८बी शी आहे.

१३. युनिकोडमध्ये मजकुराच्या प्रमाणीकरणाची रूपे आहेत. ती वापरली की हे काम आपोआप होत नाही का?

होत नाही. त्या रूपांचे काम एकाच अक्षराच्या दोन साठवणुकी सारख्या करणे एवढेच आहे. इथिओपिक अक्षरांचे घटकांत विघटन होत नाही, त्यामुळे यू+१२०० प्रमाणीकरणाच्या प्रत्येक रूपात यू+१२०० च राहते. चार ‘ह’ ही चार स्वतंत्र अक्षरे असल्याने ती कधीही एकत्र होत नाहीत.

१४. प्रश्न १२ मधील नियम तिग्रिन्या किंवा गीझ मजकुराला लावले तर चालेल का?

चालणार नाही. तिग्रिन्यामध्ये यू+१२०० आणि यू+१२१० यांच्यामुळे अर्थ बदलतो; तीच गोष्ट ‘अ’च्या दोन कुळांची. म्हणून शोधसूची भाषेनुसार वेगळी असावी आणि मजकुराची भाषा नोंदवलेली असावी. भाषा माहीत नसेल तर आधी तंतोतंत जुळणारे निकाल द्यावेत आणि सैल नियमांनी मिळालेले निकाल त्यांच्या खाली, वेगळे दाखवून द्यावेत.

१५. यादी वर्णक्रमाने लावताना संकेतांकांचा क्रम पुरेसा आहे का?

मूळ विभागापुरता तो बहुतांशी पुरतो, कारण विभागाची मांडणीच पारंपरिक क्रमाने झाली आहे. नंतर आलेली अक्षरे मात्र दूरच्या क्रमांकांवर आहेत. ‘म’च्या ओळीची काही ओष्ठ्य रूपे यू+१३८० पासून आहेत आणि केवळ क्रमांकाने लावल्यास ती यादीच्या शेवटी जातात. युनिकोडची प्रमाण अनुक्रम पद्धत त्यांना आपापल्या कुळात आणून बसवते, म्हणून तीच वापरावी. चार ‘ह’ तिच्यातही वेगवेगळ्या जागी राहतात आणि छापील कोशांच्या परंपरेशी ते सुसंगत आहे.

१६. व्यंजनाचे द्वित्व कसे दाखवतात? त्यासाठी ‘ह’ला वेगळा संकेतांक आहे का?

वेगळे अक्षर नाही. अक्षरावर दोन टिंबे ठेवणारे यू+१३५एफ हे जोडचिन्ह २००५ मध्ये आले आणि ते अक्षरानंतर साठवले जाते. रोजच्या लेखनात ते कोणी वापरत नाही : ‘अले’ (म्हणाला) आणि ‘अल्ले’ (आहे) हे दोन शब्द अम्हारिकमध्ये एकसारखेच लिहिले जातात आणि वाचणारा संदर्भाने उच्चार ठरवतो. कोश आणि अध्यापनाची पुस्तके यांत त्याचा उपयोग होतो. अम्हारिकमध्ये ‘ह’चे द्वित्व होत नसल्याने या अक्षरावर ते चिन्ह सहसा दिसणार नाही. शोधसूची बनवताना ते गाळून टाकावे.

१७. ‘केवळ अक्षरे स्वीकारा’ अशी अट घातलेल्या अर्जात मराठी नाव अडते. इथिओपिक नावही अडते का?

सहसा नाही. अशा अटींत युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग तपासला जातो. मराठीच्या मात्रा, अनुस्वार आणि हलंत ‘चिन्ह’ या वर्गात असल्याने ‘हिरा’ हे साधे नावसुद्धा नाकारले जाऊ शकते. इथिओपिकमध्ये स्वर अक्षरातच सामावलेला असल्याने यू+१२०० ते १२०७ ही सर्व रूपे अशा तपासणीतून पार पडतात. यू+१३५एफ वापरले असेल तरच नाव अडते. योग्य अट लिहायची असेल तर अक्षरे आणि चिन्हे हे दोन्ही वर्ग स्वीकारावेत. त्याने दोन्ही लिपींतील नावांना न्याय मिळतो.

१८. हे अक्षर रोमन ‘यू’सारखे दिसते. त्याचा गैरवापर होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि युनिकोडने प्रसिद्ध केलेल्या फसव्या साम्याच्या यादीत यू+१२०० ची मोठ्या रोमन ‘यू’शी नोंदही आहे. एखाद्या कंपनीच्या रोमन नावातील ‘यू’ काढून तेथे हे अक्षर घातल्यास अनेक फॉन्टांत फरक चटकन दिसत नाही. उपाय म्हणून इथिओपिक लिपीवरच बंदी घालणे हा अन्याय ठरेल. एकाच शब्दात रोमन आणि इथिओपिक अक्षरे मिसळलेली असतील तर इशारा द्यावा आणि सलग इथिओपिक नाव विनाअट स्वीकारावे.

१९. डेटाबेसमध्ये अम्हारिक मजकूर नीट साठतो, पण गुरागे भाषेतील काही ‘ह’ अक्षरे नाकारली जातात. असे का होते?

गुरागे भाषांच्या सुधारित लेखनासाठी २०२१ च्या १४.० आवृत्तीत २८ अक्षरे आली. त्यांतील ‘ह्य’सारख्या उच्चाराची ओळ यू+१ई७ई० पासून सुरू होते. हे क्रमांक युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडचे आहेत आणि त्यांना यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ नावाचा जुना प्रकार तीनच बाइटांपर्यंतची अक्षरे साठवतो. त्यामुळे यू+१२०० तेथे सुखरूप राहते आणि ही नवी अक्षरे परत फिरतात. तक्ता ‘यूटीएफ८एमबी४’ या प्रकारात बदलावा लागतो.

यूटीएफ-१६ वर चालणाऱ्या भाषांत, उदाहरणार्थ जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये, अशा प्रत्येक अक्षराची लांबी दोन भरते. मजकूर ठरावीक लांबीवर कापणारा प्रोग्राम ते अक्षर मधोमध तोडू शकतो, म्हणून लांबी संकेतांकांत मोजावी. प्रश्न ५ मधील आठच्या बाकीची युक्ती या ओळीच्या पहिल्या सात रूपांना लागू पडते. तिच्यापुढील ओष्ठ्य रूपांसाठी मात्र स्वतंत्र तक्ताच ठेवावा.